वाचकांचे प्रश्न : पुतळ्याचा निकाल मातीतच लागतो

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संस्थापक मुख्याध्यापकांचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा शाळेच्या आवारात बसवायचे ठरवले आहे. सरांना जाऊन बरीच वर्षे झाली. हाताशी चार-पाच छायाचित्रे आहेत. समितीतील काही जण बारा फुटी पुतळ्याचा आग्रह धरतात, तर काहींना सरांच्या उंचीचा, म्हणजे साडेपाच फुटांचा पुतळा पुरेसा वाटतो. शिल्पकाराकडून काम कसे करून घ्यावे, कोणत्या टप्प्यावर काय पाहावे आणि पैसा कशावर खर्च करावा, याविषयी मार्गदर्शन करावे.
— माजी विद्यार्थी समिती, ठाणे (पूर्व)

उत्तर : आधी उंचीचा प्रश्न सोडवू, कारण बाकीचे बहुतेक निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. मोकळ्या आकाशाखाली ठेवलेला अगदी माणसाच्या मापाचा पुतळा प्रत्यक्ष माणसापेक्षा लहान भासतो. म्हणून बाहेरच्या पुतळ्यासाठी शिल्पकार साधारण सव्वापट माप घेतात. त्या हिशेबाने सरांचा पुतळा सात फुटांच्या आतबाहेर होईल, आणि तीन फुटांच्या चबुतऱ्यावर तो शाळेच्या पटांगणाला शोभेल.

बारा फुटांचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांपुढे मी थोडे गणित ठेवतो. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. धातूची जाडी सहा मिलिमीटर धरली, तर एका चौरस मीटरला सुमारे पन्नास किलो धातू लागतो. धोतर-कोटातील साडेपाच फुटी आकृतीचे पृष्ठफळ अडीच ते तीन चौरस मीटर मानले, तर एकंदर धातू सव्वाशे ते दीडशे किलो होतो. उंची दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होते, म्हणून धातूही किमान चौपट लागतो. वाऱ्याचा दाबही चौपट होतो, आणि तो दुप्पट उंचीवर लागत असल्यामुळे पुतळ्याला पायाशी उलथवू पाहणारा जोर आठपट होतो. मग धातूची जाडी वाढवा, आतला सांगाडा वाढवा, चबुतऱ्याचा पाया वाढवा, अशी मालिका सुरू होते. वर्गणी मात्र तेवढीच असते, आणि काटछाट होते ती शिल्पकाराच्या मातीकामाच्या, म्हणजे पुतळा आधी मातीत घडवण्याच्या वेळेत. ज्या रकमेत सरांचा चेहरा मनासारखा साधला असता, त्याच रकमेत एक उंच पण अनोळखी गृहस्थ शाळेत उभे राहतात. असे पुतळे आपल्याकडे इतके झाले आहेत की या बाबतीत मला स्पष्ट बोलावेसे वाटते : पैसा मातीकामावर आणि सांगाड्यावर खर्च करा, उंचीवर नको.

आता छायाचित्रांविषयी. समित्या बहुधा स्टुडिओत काढलेला समोरचा फोटो देतात, आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा असतो, कारण समोरून पडलेल्या सपाट उजेडात नाकाची उंची, हनुवटीचा पुढावा, कपाळाचा उतार यांपैकी काहीच कळत नाही. शिल्पकाराला बाजूने व तिरकस काढलेले फोटो हवेत. स्नेहसंमेलनातले, सहलीतले, लग्नातल्या पंगतीतले जुने फोटो घरोघर शोधा. त्यांत सर कॅमेऱ्याकडे पाहत नसतील तर उत्तमच. कान डोक्याच्या किती खाली आणि किती मागे आहेत, मान खांद्यांतून कशी निघते, उभे राहताना शरीराचा भार कोणत्या पायावर असे, हे त्यांतून कळते, आणि माणूस लांबून ओळखू येतो तो याच गोष्टींमुळे. सरांचा मुलगा किंवा भाऊ त्यांच्यासारखा दिसत असेल, तर त्यांना शिल्पकाराच्या कार्यशाळेत नेऊन बसवा. सरांचा कोट किंवा चष्मा घरात जपून ठेवला असेल, तर तोही द्या.

कामाची सुरुवात दीड-दोन फुटी छोट्या नमुन्यापासून व्हावी. उभे राहण्याची ढब, हातात पुस्तक असावे की नसावे, धोतराच्या निऱ्या कशा पडाव्यात, हे सर्व वाद त्या छोट्या नमुन्यावरच मिटवावेत. त्यानंतर लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारून पूर्ण मापाचे मातीकाम सुरू होते. हे मातीकाम पाहण्याचा दिवस हा तुमच्या समितीच्या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस आहे, कारण मातीत चुकलेला चेहरा पुढच्या कोणत्याही टप्प्यावर सुधारत नाही. मोबाइलवर आलेल्या फोटोंवरून मान्यता देऊ नका. प्रत्यक्ष जा, आणि सगळ्यांनी एकदम न जाता सरांना रोज पाहिलेली पाच-सहा माणसे न्या. त्यांत घरची माणसे असावीत आणि शाळेतला एखादा जुना शिपाईही असावा.

तेथे गेल्यावर शिल्पकाराला दोन विनंत्या करा. पुतळा चबुतऱ्यावर जेवढ्या उंचीवर बसणार आहे, तेवढ्या उंचीवरून तो पाहता यावा, आणि उजेड वरून पडावा. खालून पाहताना हनुवटीचा खालचा भाग मोठा व कपाळ लहान दिसते. अनुभवी शिल्पकार त्यासाठी डोके किंचित पुढे झुकवतो, आणि समान पातळीवरून पाहणाऱ्याला ते उगीचच चुकल्यासारखे वाटते. डोळ्यांकडे नीट लक्ष द्या. ब्राँझ गडद असतो व उजेड गिळतो, म्हणून बुबुळ मातीत खोल कोरतात आणि त्या खोलगटात वरच्या बाजूला मातीचा एक लहानसा कण उभा ठेवतात. पुढे धातूत त्या कणावर उजेड पडतो आणि नजर जिवंत होते. जवळून पाहिले तर हे बुबुळ भोकासारखे दिसते. दहा पावले मागे जाऊन पाहा आणि मगच मत द्या. चष्म्याच्या काचा करत नाहीत, नुसती चौकट करतात, आणि तिची सावली गालावर पडू लागली की चष्मा बसला असे समजावे. मातीकाम ओल्या फडक्यांनी झाकून ओले ठेवावे लागते. ते महिनोन्महिने तसे राहू शकत नाही, तेव्हा ठरलेल्या दिवशी जाणे हे समितीचे कर्तव्य आहे.

मान्यतेनंतर मातीवरून प्लास्टरचा किंवा रबराचा साचा घेतात, त्यातून मेणाची पोकळ प्रत काढतात, मेणाला धातू आत जाण्याच्या व हवा बाहेर पडण्याच्या नळ्या जोडतात, त्यावर उष्णता सोसणारे कवच चढवतात, भट्टीत मेण वितळवून काढून टाकतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत अकराशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेला रस ओततात. पूर्णाकृती पुतळा सहसा तुकड्यातुकड्यांनी ओतून मग जोडतात. यात काही कमीपणा नाही. मात्र वेल्डिंगची सळई त्याच मिश्रधातूची आहे ना, हे विचारा, नाहीतर रंग चढवल्यानंतर सांधे वेगळे दिसू लागतात. मिश्रधातूचे प्रमाण करारात लिहून घ्या. ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त व शिसे प्रत्येकी ५ टक्के हे पुतळ्यांसाठी रूढ असलेले प्रमाण आहे. निवताना धातू दीड-दोन टक्के आकसतो, म्हणून सात फुटी मातीकामाचा पुतळा इंच-दीड इंच कमी भरला तर फसवणूक झाली असे समजू नये.

परवानगीचे काम मातीकामाच्या बरोबरीने करा. महाराष्ट्रात पुतळा उभारण्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते आणि नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ही मान्यता मातीचा नमुना पाहून दिली जात असल्यामुळे तिच्याआधी ओतकाम करून घेणे धोक्याचे आहे. तुमची जागा शाळेच्या आवारातली आहे हे बरेच झाले, कारण सार्वजनिक रस्ते व पदपथांवर पुतळे उभारू देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे.

एक विनंती माझ्याकडून. चबुतऱ्यावरील संगमरवरी पाटीवर उद्घाटकांपासून कार्याध्यक्षांपर्यंत सर्वांची नावे असतात, पण पुतळा घडवणाऱ्याचे नाव बहुतेक ठिकाणी नसते. शिल्पकाराचे व ओतशाळेचे नाव आणि वर्ष पुतळ्याच्या पायापाशी धातूतच कोरून घ्यावे. पुढे डागडुजीची वेळ आली म्हणजे कोणाला विचारायचे, हे त्यावरून कळते. आणि तो त्यांचा हक्कही आहे.

प्रश्न : मालवणची घटना झाल्यापासून आमच्या भागातील कोणताही मोठा पुतळा पाहिला की काळजी वाटते. नवी मुंबईलाही खाडीची खारी हवा आहे. ब्राँझ इतका टिकाऊ म्हणतात, मग तो पुतळा पडला कसा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. चौकशीत बोट ठेवले गेले ते गंज, सदोष वेल्डिंग आणि कमकुवत सांगाडा यांवर. तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. ब्राँझ खाऱ्या हवेत शतकानुशतके टिकतो, पण उंच पुतळा ब्राँझवर उभा नसतो. तो आतल्या पोलादावर उभा असतो, आणि ब्राँझ त्याच्यावर चढवलेले कवच असते. बंगळूरच्या विमानतळावरील केंपेगौडांच्या १०८ फुटी पुतळ्यात ९८ टन ब्राँझ आणि १२० टन पोलाद आहे. म्हणजे जे दिसत नाही, ते दिसणाऱ्यापेक्षा जड आहे.

साधे पोलाद आणि ब्राँझ एकमेकांना चिकटले, आणि मध्ये खारे पाणी आले, की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते व त्यात झिजते ते पोलाद. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगून सांधे आतून फाकवतो. बाहेरून पाहणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. दिसलाच तर सांध्यांतून ओघळलेला तांबूस डाग दिसतो. ब्राँझचे स्वतःचे डाग हिरवट असतात. म्हणून हिरव्या ओघळाने घाबरण्याचे कारण नाही, पण पुतळ्याच्या पायापाशी किंवा घोड्याच्या पोटाखाली तांबूस ओघळ दिसला, तर तो आतल्या सांगाड्याचा असण्याची शक्यता असते आणि महापालिकेला लेखी कळवणे योग्य ठरते.

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा सारा पट्टा खाडीकाठचा आहे. येथे सांगाडा समुद्री हवेला टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे कारखानदार ज्याला ३१६ म्हणतात त्या प्रतीचा असावा. दोन धातू जेथे भेटतात तेथे नायलॉन किंवा निओप्रीनची चकती घालून त्यांचा स्पर्श तोडावा. पावसाचे आत शिरलेले पाणी वाहून जाण्यासाठी तळाशी छिद्रे ठेवावीत, आणि मोठ्या पुतळ्यात माणूस आत शिरून पाहणी करू शकेल असे दार असावे. वाऱ्याचा हिशेब पात्र संरचना अभियंत्याने करून त्यावर सही करावी; शिल्पकाराच्या अनुभवावर तो सोडू नये. शिल्पकाराची जबाबदारी आकाराची असते, आणि त्याच्यावर अभियांत्रिकीचेही ओझे टाकणे हा त्याच्यावर आणि पुतळ्यावर अन्याय आहे.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील ब्राँझच्या अर्धपुतळ्यावर हिरवे ओघळ आले आहेत. जयंतीपूर्वी काही कार्यकर्ते तो चिंच आणि भांडी घासायच्या पावडरने लख्ख करतात, आणि कोणी सोनेरी रंग लावण्याचाही विचार मांडला आहे. हे योग्य आहे का?
— एक वाचिका, नेरूळ

उत्तर : कार्यकर्त्यांची भावना आदराची आहे, पण दोन्ही उपायांनी पुतळ्याचे नुकसान होते, हे त्यांना कृपया समजावून सांगावे. पुतळ्याचा तपकिरी-काळसर रंग हा मळ नव्हे. धातू तापवून त्यावर रसायने लावून तो मुद्दाम आणलेला असतो. गंधकयुक्त क्षारांनी तपकिरी ते काळा, लोहाच्या क्षारांनी तांबूस, तांब्याच्या क्षारांनी हिरवा रंग चढतो, आणि कोठे किती गडद ठेवायचे हे शिल्पकार ठरवतो. गालाचे हाड उजळ आणि डोळ्याची खोबण गडद राहिली की चेहऱ्याला उठाव येतो. चिंचेने घासले की हा थर जातो, पुतळा काही दिवस पितळी भांड्यासारखा चमकतो, मग पुन्हा काळवंडतो, पण या वेळी वेडावाकडा आणि डाग पडून. पावडरीतले कण तर पापण्या व ओठांच्या कडा दरवर्षी थोड्या थोड्या झिजवतात. सोनेरी रंगामुळे सगळे उंचसखल भाग एकसारखे चमकू लागतात व चेहरा सपाट होतो. त्या रंगाखाली ओल अडकली तर धातूचा आजार बाहेर दिसतच नाही.

करायचे ते इतकेच : साध्या पाण्याने धुवावा, मळ असेल तर सौम्य, आम्ल व क्षार नसलेला साबण आणि मऊ सुती कापड वापरावे, पुन्हा भरपूर पाण्याने धुऊन कोरडा करावा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर मेणाचा पातळ थर लावून कापडाने घासावा. दुधाचा अभिषेक झाला असेल तर त्याच दिवशी धुवावा. हार लोखंडी तारेचे नसावेत, आणि संध्याकाळी ते उतरवावेत, कारण कुजणारी फुले धातूवर ओल धरून ठेवतात. हिरवा ओघळ गुळगुळीत व घट्ट असेल तर तो तसाच राहू द्यावा. मात्र फिकट हिरवी भुकटी बोटाला लागत असेल आणि पुसल्यावर त्याच जागी पुन्हा येत असेल, तर क्षारांनी धातू खाल्ला जात आहे असे समजून धातूच्या संवर्धकाला दाखवावे. खाडीजवळच्या पुतळ्यांना हा धोका खरा आहे.

प्रश्न : फायबरचा पुतळा ब्राँझच्या रंगात करून घेतला तर काय बिघडते?
— एक वाचक, कळवा

उत्तर : सभागृहात, छताखाली काही बिघडत नाही, आणि निधी कमी असेल तर चांगल्या शिल्पकाराचा फायबरचा अर्धपुतळा घाईत केलेल्या ब्राँझपेक्षा मी नक्की वरचा मानेन. बाहेर मात्र ऊन-पावसाने त्याचा रंग उडतो, वरचा थर तडकतो आणि दर काही वर्षांनी रंगवावा लागतो. प्रत्येक रंगाच्या हातागणिक नाक-डोळे बोथट होत जातात. मूळ साचा जपून ठेवला, तर पुढे निधी जमल्यावर त्याच साच्यातून मेणाची प्रत काढून ब्राँझ ओतता येतो.

प्रश्न : अश्वारूढ पुतळ्यात घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असतील तर वीर रणात पडला, एक वर असेल तर जखमांनी गेला आणि चारही जमिनीवर असतील तर नैसर्गिक मृत्यू आला, असे मुलांना शिकवले जाते. हे खरे आहे काय?
— एक शिक्षक, वाशी

उत्तर : नाही. शिल्पकलेत असा कोणताही नियम पाळला जात नाही. आपल्या राज्यातच पाहा : महाराजांचे निधन १६८० साली रायगडावर झाले, रणांगणावर नव्हे, आणि त्यांच्या कितीतरी पुतळ्यांत घोड्याने पाय उचललेला आहे. पाय किती उचलावेत हे गतीचा भास आणि भार पेलण्याची सोय यांवर ठरते. माद्रिदमधील राजा चौथा फिलिप यांच्या १६४० च्या सुमाराच्या पुतळ्यात घोडा मागच्या पायांवर उभा आहे, आणि त्याची शेपटीही भार घेते. मुलांना हे जरूर सांगा. मृत्यूच्या सांकेतिक भाषेपेक्षा तोल साधण्याची ही युक्ती त्यांना जास्त आवडेल.

प्रश्न : मुलगी बारावीनंतर शिल्पकला शिकू इच्छिते. आजच्या काळातील व्यक्तिशिल्पे तिला कोणाची दाखवावीत? जवळपास काही पाहण्यासारखे आहे का?
— एक पालक, खारघर

उत्तर : राम सुतार यांच्या कामापासून सुरुवात करावी, पण उंचीच्या आकड्यांपासून नको. धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी १९२५ साली जन्मलेल्या या मुलाचा हात त्यांच्या शिक्षकांनी ओळखला. पुढे त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि १९५३ साली तेथील मेयो पदक मिळवले. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचे काम केले. दगडातल्या मोठ्या आकृतींशी रोज हात लावून केलेली ही ओळख त्यांच्या पुढच्या सर्व कामाचा पाया आहे, असे मला वाटते. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा सर्वांना ठाऊक आहे, आणि मालवणला २०२५ मध्ये उभा राहिलेला महाराजांचा नवा पुतळाही त्यांच्याच शिल्पशाळेत घडला. पण मुलीला आधी संसद भवनाच्या आवारातील त्यांच्या गांधीजींची छायाचित्रे दाखवा. १९९३ साली बसवलेला हा १६ फुटी ब्राँझ ध्यानस्थ बसलेल्या गांधीजींचा आहे. उघडे खांदे, झुकलेली मान आणि मिटत आलेली नजर यांवरच सगळे काम उभे आहे. त्याच आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९६७ चा पुतळा आहे. तेथे उंचावलेला हात सारे बोलतो, आणि तोच पवित्रा पुढे गावोगावच्या चौकांत दिसू लागला. एका पुतळ्यात आकृती स्वतःत मिटत जाते आणि दुसऱ्यात ती समोरच्या जनसमुदायाकडे झेपावते. हे दोन्ही शेजारी ठेवून काढलेली चार रेखाटने तिला पुष्कळ शिकवतील.

जवळचे म्हणाल, तर गेटवे ऑफ इंडियासमोरील अश्वारूढ महाराज. ते कल्याणच्या सदाशिव ऊर्फ भाऊ साठे यांचे, १९६१ चे काम. हा पुतळा सकाळी पाहावा आणि उतरत्या उन्हात पुन्हा पाहावा, चारही बाजूंनी फिरून पाहावा, आणि घोड्याच्या मानेची रेषा स्वाराच्या पाठीला कोठे जाऊन मिळते ते रेखाटावे. भाऊ साठे यांचे शिल्पालय डोंबिवलीत आहे. त्यांच्या कामात चेहऱ्याची त्वचा कशी हाताळली आहे, बोटांचे ठसे कोठे राखले आणि कोठे पुसले, हे हातभर अंतरावरून पाहण्याची संधी तेथे मिळते. चौकातला पुतळा ही संधी कधीच देत नाही. सासवण्याला, मांडव्याजवळ, वि. पां. करमरकरांचे संग्रहालय आहे. पुण्यातील १९२८ चे अश्वारूढ महाराज घडवणाऱ्या या शिल्पकाराने गावची माणसे आणि जनावरे कोणत्या मायेने घडवली, ते तेथे दिसते. दोन्ही ठिकाणच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

प्रवेशासाठी राज्य शासनाची कला अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्या तयारीबरोबरच मुलीला आतापासून शाडूत रोज एक कान करायला सांगा. नाक-डोळे बहुतेकांना जमतात. कान ज्याला जमला, त्याला डोक्याची ठेवण कळली असे आमच्या क्षेत्रात मानतात.